सोशीक लिव्हर आणि आपली इम्युनिटी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिव्हरच्या कॅन्सरवर जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, तर त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय. गंमत म्हणजे जवळपास प्रत्येक पत्रात एक शब्द होताच, इम्युनिटी. कोणाला ती वाढवायचीय, कोणाची कमी पडलीय, कोणाला डॉक्टरांनी ती दाबायच्या गोळ्या दिल्यात म्हणून झोप येत नाहीये. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकली आहेत.

मॅडम, माझे वडील ६४ वर्षांचे, बार्शीजवळ शेती करतात. माळकरी आहेत, आयुष्यात दारूला हात लावला नाही. मागच्या महिन्यात सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ दिसली, मग सीटी झाला, कॅन्सर म्हणाले, आणि रक्तात हिपॅटायटीस बी निघाला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो प्रतिकारशक्ती कमी पडली. खरंच तसं असतं का?

आधी ते दारूचं मिटवून टाकू, कारण माळकरी माणसाला लिव्हरचा कॅन्सर कसा हे सांगून सांगून तुम्ही दमला असाल. हिपॅटायटीस बी हे लिव्हर कॅन्सरच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे आणि त्याला दारूची गरज नसते. वडिलांचा यात काडीचा दोष नाही, एवढं त्यांना स्पष्ट सांगा.

आता प्रतिकारशक्ती. लिव्हरला जे रक्त मिळतं त्यातलं साधारण ७५ टक्के आतड्यांकडून पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून येतं, म्हणजे आपण खाल्लेलं-प्यालेलं सगळं, वर आतड्यातल्या जंतूंचे तुकडे, गोळ्या-औषधं, सगळं आधी लिव्हरच्या दारात. आता समजा स्वारगेटच्या स्टँडवर पोलिसांनी प्रत्येक पिशवी उघडून बघायची ठरवली तर एक एसटी वेळेवर सुटणार नाही, तसंच लिव्हरनं प्रत्येक परक्या कणावर आरडाओरडा केला तर रोज जेवल्यावर सूज येईल. म्हणून लिव्हर मुळातच सोशीक अवयव आहे. तिथं कुप्फर पेशी नावाचे रखवालदार बसलेले असतात, गुपचूप कचरा गिळतात आणि बाकीच्या फौजेला शांत राहा सांगतात. यात बिघाड काही नाही, अशीच रचना आहे. फक्त खिसेकापूलाही हे माहीत असतं.

बी चा विषाणू हा असा खिसेकापू. जन्माच्या वेळी किंवा अगदी तान्हेपणी लागण झाली तर ९० टक्के मुलांमध्ये तो कायमचा राहतो, मोठेपणी झाली तर ५ टक्क्यांपेक्षा कमी लोकांत राहतो. विषाणू तोच, फरक फक्त आपल्या फौजेचा. तुमच्या वडिलांना बहुतेक लहानपणीच लागण झाली असणार, तेव्हा कुठली लस आणि कुठली टेस्ट.

आणि पुढचं ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. हा विषाणू लिव्हरच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. मारतात त्या आपल्याच टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या फौजेतल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), विषाणू शिरलेली पेशी ओळखून. एकदाच जोरात लढल्या आणि जिंकल्या तर कावीळ होते आणि माणूस बरा होतो. पण ही लढाई धड जिंकणं नाही धड हरणं नाही अशी तीस-चाळीस वर्षं धुमसत राहिली तर पेशी मरतात, नव्या होतात, परत मरतात, दर वेळी नवीन पेशी बनताना जनुकांची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात, जागोजागी वण पडत जातात (पुढे त्यालाच सिरॉसिस म्हणतात), आणि बी चा विषाणू तर आपल्या डीएनएचे तुकडे थेट आपल्या डीएनएमध्ये घुसवतो, त्यामुळे सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. गाठ तयार होईपर्यंत टी पेशी थकलेल्या असतात. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, तो कायम दाबलेला. शिवाय फौजेला आवरणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात (२०२५ चं वैद्यकातलं नोबेल यांच्याच शोधासाठी मिळालं), त्या गाठीभोवती गर्दी करून बसतात.

त्यामुळे कमी पडली हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की ती नको तितकी वर्षं अर्धवट लढत राहिली.

दोन कामं मात्र याच आठवड्यात करा. वडिलांना विषाणूवरची गोळी, टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर, चालू झालीय का हे डॉक्टरांना विचारा, कॅन्सरचे उपचार चालू असतानाही ती लागते. आणि आई, तुम्ही भावंडं, काका-आत्या, सगळ्यांची बी ची रक्ततपासणी करून घ्या. निगेटिव्ह असतील आणि लस झालेली नसेल तर त्यांना लस.

लॉकडाऊनपासून आमच्या घरी रोज सकाळी गुळवेलीचा काढा असतो. आता मोठ्या भावाला लिव्हरचा त्रास निघालाय, तर त्याला डबल डोस द्यावा असं वहिनी म्हणते. चालेल ना? (नाशिक)

नाही चालणार. डबल तर नाहीच, सिंगलही बंद करा.

मला माहीत आहे यावर रागाची पत्रं येणार, तरी लिहिते. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईत गुळवेल घेणारे सहा पेशंट लिव्हरला सूज येऊन आले, तिथल्या डॉक्टरांनी ते २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, वनस्पती नीट ओळखलीच नव्हती वगैरे. मग देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत दिसलं ते असं की स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं लिव्हरवर हल्ला चढवला होता. म्हणजे बघा, इम्युनिटी खरोखरच वाढली, पण घरातल्यांवरच उठली! काढा पिणाऱ्या प्रत्येकाला हे होतं असं अजिबात नाही, पण ज्याचं लिव्हर आधीच दुखावलंय किंवा ज्याला थायरॉईडसारखा ऑटोइम्यून (स्वतःच्याच अवयवावर प्रतिकारशक्ती उठण्याचा) आजार आहे त्यानं हा जुगार का खेळावा.

हळदीचंही विचारलंय. भाजीतली, दुधातली चिमूटभर हळद खुशाल घ्या. मिऱ्याचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल मात्र नकोत, त्यानं लिव्हरला इजा झालेले पेशंट नोंदलेले आहेत.

मी २३ वर्षांचा आहे, गाव राजापूर तालुक्यात. आठवीत असताना कावीळ झाली होती तेव्हा आजीनं गावात माळ घालून उतरवली, हात चुन्याच्या पाण्यात धुतले तर पाणी पिवळं झालं होतं, मी स्वतः पाहिलंय. महिन्यात बरा झालो. आता कॉलेजच्या रक्तदान शिबिरानंतर फोन आला की तुमचं रक्त वापरता येणार नाही, बी पॉझिटिव्ह आहे. ब्लड ग्रुप ओ आहे माझा, मग हे काय?

माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरेतुरे करते. हे बी पॉझिटिव्ह म्हणजे ब्लड ग्रुप नव्हे रे, हिपॅटायटीस बी. हा गोंधळ दर वर्षी दोन-चार जणांचा होतोच.

माळेचं सांगते, आजीचा मान ठेवून. पोरांना होणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटीस ए ची असते, दूषित पाण्यातून येणारी. तिला औषध लागत नाही, तुझी स्वतःची प्रतिकारशक्ती काही आठवड्यांत विषाणूला हाकलून लावते. म्हणजे काम तुझ्या टी पेशींनी केलं आणि श्रेय मिळालं माळवाल्याला. पाण्याच्या पिवळेपणात तुझ्या लिव्हरचा काही संबंध नाही, ती चुन्याची करामत. ए मध्ये या सगळ्यानं नुकसान काही होत नाही, पण हिपॅटायटीस बी आणि सी वाल्यांची तपासणी यात वर्षानुवर्षं राहून जाते, म्हणून मला राग येतो.

तुझा बी बहुतेक त्या कावीळीच्याही आधीपासून असावा आणि तो गप्प होता. आता घाबरायचं नाही आणि विसरायचं पण नाही. विषाणू किती आहे, लिव्हरवर सूज किती, वण आहेत का हे बघून डॉक्टर ठरवतील गोळी लगेच हवी की नुसतं लक्ष ठेवायचं. तपासण्या आणि गोळ्या सरकारी योजनेत फुकट मिळतात, राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून चालू आहे, जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजात चौकशी कर. (२८ जुलै हा बी चा विषाणू शोधणाऱ्या बारूक ब्लुमबर्ग यांचा वाढदिवस, नोबेल मिळालं त्यांना १९७६ मध्ये.) दाढीचं ब्लेड, टूथब्रश वेगळा ठेव. एका ताटात जेवायला, मिठी मारायला काही हरकत नाही, घरात वेगळी भांडी वगैरे तमाशा कोणी करत असेल तर हे पान दाखव. आणि आईची टेस्ट कर, ती राहूनच जाते.

आईला (५८, पुणे) दर तीन आठवड्यांनी दोन सलाईन लावायची म्हणाले आहेत, अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब. ही केमो आहे का? केस जातील का? त्याआधी घशातून दुर्बीण कशासाठी? खर्च लाखांत आहे, गुण किती येतो खरं सांगा.

केमो नाही, त्यामुळे केमोसारखे केस जात नाहीत. वर पीडी-१ चा ब्रेक सांगितला ना, कॅन्सरची पेशी त्या ब्रेकवर पाय ठेवून उभी असते. अटेझोलिझुमॅब तो पाय बाजूला करतं. टी पेशींना नवी ताकद वगैरे काही देत नाही, फक्त अडकवलेल्या होत्या त्या सुटतात. हा ब्रेक जपानच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडला आणि २०१८ चं नोबेल त्यांना आणि जेम्स ॲलिसन यांना मिळालं. दुसरं औषध, बेव्हासिझुमॅब, गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या बनू देत नाही, शिवाय गाठीभोवतीचं ते फौजेला गप्प करणारं वातावरण जरा निवळतं, म्हणून जोडी. पण यानंच रक्तस्राव होऊ शकतो आणि सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतात, त्या फुटल्या तर जीवावर बेततं. म्हणून दुर्बीण. शिरा फुगलेल्या निघाल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त करतात. दुर्बिणीचा कंटाळा करू नका.

गुण किती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत एक वर्षानंतर या जोडीवरचे ६७ टक्के पेशंट हयात होते, जुन्या सोराफेनिब गोळीवरचे ५५ टक्के. गाठ ठळकपणे आकसली ती दहातल्या साधारण तिघांची. दुसरी एक जोडी आहे, ड्युर्व्हालुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅबचा एकच डोस, तिच्यात पाच वर्षांनी दर पाचातला जवळपास एक जण हयात होता, जुन्या गोळीवर दहातला एक. आमच्या शिकायच्या काळात पसरलेल्या लिव्हर कॅन्सरला पाच वर्षं हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं, त्यामुळे मला हे आकडे मोठे वाटतात, पण तुम्ही दागिने विकायच्या विचारात असाल तर दहातल्या सात जणांची गाठ तशी आकसली नाही हेही माहीत असायला हवं. यातल्या काहींची निदान वाढायची थांबते, तोही फायदाच, तरी कोणाला लागू पडेल हे आधी छातीठोक सांगणारी टेस्ट आज नाही.

खर्चावरून आठवलं. ती जुनी सोराफेनिब गोळीही एके काळी महिन्याला २ लाख ८० हजारांच्या घरात होती. मार्च २०१२ मध्ये मुंबईतल्या पेटंट कंट्रोलरनी देशातलं पहिलं सक्तीचं लायसन्स (पेटंटवाल्या कंपनीच्या संमतीशिवाय औषध बनवायचा परवाना) नॅटको कंपनीला दिलं आणि महिन्याचा डोस ८,८८० रुपयांवर आला. सलाईन परवडलंच नाही तर गोळ्यांचा पर्याय असतो, आणि तो विचारण्यात कसलाही कमीपणा नाही, डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला.

ब्रेक सुटलेली फौज कधी कधी भलतीकडेही जाते. सारखे जुलाब, दम लागणं, अंगभर पुरळ, प्रचंड थकवा (थायरॉईड बिघडलेलं असू शकतं), डोळे पिवळे होणं, यातलं काहीही झालं तर मेडिकलमधून गोळी आणून बघू असं करायचं नाही, त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन. वेळेत स्टेरॉईड दिलं तर बहुतेक वेळा आटोक्यात येतं.

मी आयटीत आहे, ४४ वय, शुगर आहे, वजन ९४. सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर. दारू नाही, हिपॅटायटीस नाही. मला इम्युनिटीचं टेन्शन घ्यायची गरज आहे का?

इम्युनिटीचं नको, वजनाचं घ्या! चरबी साठलेल्या लिव्हरमध्ये काहींना सूज येते आणि विषाणू नसतानाही तीच धुमसणारी लढाई सुरू होते. २०२१ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेलं एक काम यावर फार बोललं गेलं, उंदरांमध्ये असं दिसलं की फॅटी लिव्हरमधल्या टी पेशी गाठ शोधायचं सोडून चांगल्याच पेशी मारत सुटल्या होत्या आणि ब्रेक काढणारं औषध दिल्यावर कॅन्सर उलट वाढला. माणसांत चित्र एवढं सरळ नाही, फॅटी लिव्हरवाल्या पेशंटनाही इम्युनोथेरपी (म्हणजे ब्रेक काढणारी ती औषधं) देतात आणि काहींना गुणही येतो. तुम्हाला सध्या त्यातलं काही नकोय. वजन ७ ते १० टक्के उतरवा, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेसहा ते नऊ किलो, त्यानं सूज बरीच उतरते. फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून वण आहेत का बघा. सिरॉसिस निघालाच तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपीची (गाठीचा इशारा देऊ शकणाऱ्या रक्तातल्या एका प्रथिनाची) रक्ततपासणी, नाहीतर नाही. कॉफी पिणाऱ्यांत लिव्हर कॅन्सर कमी दिसतो हे खरंय, चहावाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, पण तीन चमचे साखर घालून नव्हे.

दाण्याचं कूट बंद करावं का? बुरशीनं लिव्हरचा कॅन्सर होतो असं वाचलं. (लातूर)

कूट बंद करू नका, खवट आणि बुरशी आलेले दाणे फेका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन भाजून पूर्ण जात नाही. पी५३ हे गाठीला आवर घालणारं जनुक ते बिघडवतं आणि सोबत हिपॅटायटीस बी असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहालकडे बुरशीचा मका खाऊन गावंच्या गावं आजारी पडली होती. पावसाळ्यात दाणे थोडेच आणा, कोरड्या डब्यात ठेवा.

मिस्टरांना सिरॉसिस आणि ४ सेंटिमीटरची एक गाठ आहे. दीर लिव्हरचा तुकडा द्यायला तयार आहेत. पण ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या आयुष्यभर, मग कॅन्सर परत नाही का येणार? इम्युनोथेरपी आधीच देऊन टाकली तर?

प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. हो, टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांनी पहारा सैल पडतो, आणि गाठीच्या पेशी आधीच बाहेर निसटल्या असतील तर त्यांना मोकळं रान मिळतं. म्हणूनच निवड कडक असते. १९९६ मध्ये इटलीतल्या मिलानच्या सर्जननी माप घालून दिलं, एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी आणि प्रत्येक ३ च्या आत, शिवाय मोठ्या रक्तवाहिनीत किंवा लिव्हरबाहेर पसरलेला नको. त्या मापात बसणाऱ्यांचे निकाल इतके चांगले आले की जगभर ते माप आजही वापरतात. तुमच्या मिस्टरांची गाठ आकारानं त्यात बसते, बाकीचं स्कॅन ठरवेल. आणि ट्रान्सप्लांटमध्ये गाठीसोबत ते सिरॉसिसचं अख्खं लिव्हर जातं, म्हणजे नवीन गाठी उगवायची जमीनच जाते, हा फायदा साध्या ऑपरेशनमध्ये नाही.

लिव्हरचा सोशीकपणा इथं मात्र कामी येतो. १९६९ मध्ये इंग्लंडच्या रॉय काल्न यांनी दाखवलं की एका डुकराचं लिव्हर दुसऱ्याला बसवलं तर दाबायची औषधं न देताही ते बऱ्याचदा टिकतं. माणसांत एवढं सोपं नाही, पण किडनी-हृदयाच्या मानानं लिव्हरला गोळ्या कमी पुरतात. आपल्या मनानं डोस कमी मात्र कधीच करायचा नाही.

इम्युनोथेरपी आधी देऊन गाठ लहान करायचे प्रयत्न चालू आहेत, पण औषधाचा असर अंगात आठवडेच्या आठवडे राहतो आणि ब्रेक सुटलेल्या टी पेशी दिरांनी दिलेल्या लिव्हरवरच तुटून पडू शकतात. तेव्हा आधी कुठे इम्युनोथेरपी घेतली असेल तर शेवटच्या डोसची तारीख ट्रान्सप्लांट टीमला सांगा, लपवू नका.

टाटा आणि आयआयटीनं मिळून जी कार-टी थेरपी काढली ती लिव्हरला चालते का?

नाही. पेशंटच्याच टी पेशी बाहेर काढून, बदलून परत देणारी आणि २०२३ मध्ये मंजूर झालेली ती थेरपी ठरावीक रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. लिव्हरच्या गाठीसाठी वेगळ्या कार-टी पेशींच्या चाचण्या जगात चालू आहेत, दवाखान्यात कोणी आत्ताच पॅकेज देत असेल तर तिथून निघा.

सातवा महिना आहे, रिपोर्टमध्ये हिपॅटायटीस बी निघाला. सासूबाई म्हणतात बाळाला अंगावर पाजायचं नाही. खूप रडू येतंय, बाळाला पण कॅन्सर होईल का? (सोलापूर)

रडू नका, तुमच्या हातात अजून वेळ आहे. आता विषाणूचा आकडा तपासायचा, तो २ लाखांच्या वर असेल तर डॉक्टर टेनोफोव्हिर लगेच चालू करतील, ती गरोदरपणात चालते. बाळंतपण दवाखान्यातच करा आणि डिलिव्हरीच्या आधीच तिथल्या नर्सला सांगून ठेवा की बाळाला बी ची लस २४ तासांच्या आत हवी, जितकी लवकर तितकी बरी, सोबत दुसऱ्या मांडीवर तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन. ते इंजेक्शन सगळीकडे पटकन मिळत नाही, म्हणून आत्ताच सोय करा. सोशीकपणामुळे विषाणू तान्ह्या बाळात कायमचा घर करतो, त्यानं तसं करायच्या आधी फौजेला त्याची ओळख पटवून द्यायची, एवढीच ही शर्यत. तैवाननं १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि दहा-बारा वर्षांत तिथल्या शाळकरी मुलांमधला लिव्हर कॅन्सर जवळपास निम्म्यावर आला. आपल्याकडे २०११ पासून ही लस देशभर सरकारी लसीकरणात आहे, पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीमधूनच मिळतात.

आणि हो, अंगावर पाजा, सासूबाईंना माझं नाव सांगून. बाळ नऊ ते बारा महिन्यांचं झालं की त्याची रक्ततपासणी करून मला जरूर कळवा.